पॉन्टिप्रीधच्या पुलाची सहा भोकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीकडे वेल्समधल्या कार्डिफला मुक्काम आहे. एका रविवारी पॉन्टिप्रीधला जाऊन टॅफ नदीवरचा जुना दगडी पूल पाहिलात. एकच मोठी कमान, मधे एवढा चढ की गुडघे बोलायला लागले, आणि कमानीच्या दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल, आरपार भोकं. जावई म्हणाले, पुराचं पाणी जायला ठेवलीत. तिथे कोणीतरी सांगितलं की बांधणारा साधा शेतकरी होता, पूल दोन-तीनदा पडला, आणि ही एके काळी जगातली सगळ्यात मोठी कमान होती. यातलं खरं काय, आणि आपल्याकडच्या दगडी पुलांना अशी भोकं का दिसत नाहीत?

सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी पुलांवर. जावयांना सांगा, उत्तर अगदीच चूक नाही, पण पाणी हे त्या भोकांचं मुख्य काम नाही. भोकं कुठे आहेत ते आठवा: कमानीच्या पाठीवर, खांद्याशी, रस्त्याच्या खाली. पूर तिथवर चढला तर पाणी त्यातून जाईलच, पुलाला थोडा आराम मिळेलच. पण ती ठेवली वजनासाठी. खांद्यावरचं वजन कमी करायला. आणि ही अक्कल बांधणाऱ्याला आपला स्वतःचा पूल डोळ्यांदेखत मोडल्यावर आली.

बांधणारा विल्यम एडवर्ड्स, जन्म १७१९. शेतकऱ्याचा मुलगा हे खरं. शेताच्या बांधावर चुन्याशिवाय नुसते दगड रचून भिंत घालायची, ज्याला कोकणात आपण गडगा म्हणतो, ते त्याचं पहिलं काम. गडगा घालणाऱ्याला कमी लेखू नका. चुना नसला की दगडाची बैठक, त्याचं तोंड, भार कुठून कुठे उतरतो, हे सगळं हाताला कळावं लागतं. चूक झाकायला मालच नसतो. पुढे तो घरं, गिरणी अशी कामं घेऊ लागला, आणि गिरणीच्या कामात त्याची कमानीशी ओळख झाली. जवळच केअरफिलीचा मोठा पडका किल्ला आहे, तिथलं बांधकाम बघत तो शिकला असंही सांगतात. शिवाय हा गृहस्थ धर्मोपदेशक. ग्रोइस्वेन नावाच्या गावच्या चॅपलमध्ये १७८९ साली मरेपर्यंत प्रवचनं देत होता. म्हणजे आठवडाभर पूल आणि रविवारी उपदेश.

१७४६ साली त्याला टॅफवरच्या पुलाचं काम मिळालं. रक्कम ५०० पौंड आणि अट अशी की पूल सात वर्षं उभा राहील याची हमी ठेकेदाराने द्यायची. आमच्या निविदांत ‘दोष दायित्व कालावधी’ असतो ना, तेच. फरक एवढाच की एडवर्ड्सच्या बाबतीत ती अट खरोखर वसूल झाली.

पहिला पूल त्याने चारचौघांसारखा बांधला. नदीत खांब, त्यावर तीन कमानी. दिसायला देखणा होता म्हणतात. अडीच वर्षांनी टॅफला मोठा पूर आला. वरच्या दऱ्यांतून उन्मळलेली झाडं, झुडपं, गवताच्या गंज्या वाहत आल्या आणि खांबांना अडकून बसल्या. पुलाचं झालं धरण. पाणी मागे तुंबत गेलं, चढलं आणि पूल घेऊन गेलं. हे दृश्य सह्याद्रीखालच्या कुठल्याही नदीवर काम केलेल्या माणसाला नवं नाही. पुराचं नुसतं पाणी सहसा पूल पाडत नाही. पाण्याबरोबर येणारा कचरा पाडतो, नाहीतर पाया खालून खरवडला जाऊन पूल पडतो. म्हणून पावसाळा संपला की पुलाच्या पाहणीत पहिली नजर खांबांना अडकलेल्या ओंडक्यांवर जायची.

सात वर्षांची हमी मानगुटीवर होतीच. एडवर्ड्सने सरळ हिशेब केला: खांबामुळे पडला ना, मग नदीत खांबच नको. एका काठावरून दुसऱ्या काठावर एकच कमान, १४० फूट, म्हणजे ४२.७ मीटरचा एकच गाळा (दोन आधारांमधलं अंतर). ब्रिटनमध्ये तेव्हा एवढी कमान कोणी टाकलेली नव्हती. ज्याचा आधीचा पूल नुकताच वाहून गेला आहे असा, कुठल्याही शाळेत न शिकलेला तिशीतला गवंडी हे ठरवतो, याचं मला आजही नवल वाटतं. आमच्यात कोणी असा प्रस्ताव मांडला असता तर फाइल वरून खाली येईपर्यंत तो निवृत्त झाला असता.

इथून पुढे सांगणाऱ्यांत फरक पडतो. काही सांगतात की कमान बांधत असताना खालचं लाकडी सेंटरिंग, म्हणजे कमान जुळेपर्यंत तिला पेलणारा तात्पुरता सांगाडा, पुरात गेलं आणि तो प्रयत्न तिथेच संपला. काही तो प्रयत्न धरतच नाहीत. म्हणून आजचा पूल कुणी तिसरा म्हणतं, कुणी चौथा. या वादात पडायचं कारण नाही, कारण खरं महत्त्वाचं जे पडणं, त्याबद्दल दुमत नाही. कमान पुरी झाली, सेंटरिंग निघालं, कमान आपल्या पायावर उभी राहिली. फक्त कठडे बांधायचे राहिले होते. आणि एके दिवशी कमान मोडली. खाली बसून मोडली नाही. मधला भाग वर उचलला गेला आणि माथ्याचे दगड बाहेर फेकले गेले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका गोष्टीत आहे. कमान मोडणार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मधला भाग खाली येणं येतं. इथे उलटं झालं. वर काहीही जड नसताना मधले दगड आकाशाकडे का जावेत?

मुलीच्या घरी एक प्रयोग करा. भिंतीवर मोठा कागद चिकटवा आणि एक बारीक साखळी, गळ्यातली साधी चेनही चालेल, दोन टोकांना धरून कागदासमोर लोंबू द्या. तिचा आकार पेन्सिलने काढून घ्या. आता टोकं तशीच ठेवून, साखळीच्या मध्यापासून दोन्हीकडे थोडं दूर, म्हणजे मध्य आणि टोक यांच्या साधारण अर्ध्यावर, तीन-चार सेफ्टी पिना अडकवा. दोन्ही बाजूंना सारख्याच. काय होतं? पिना लावल्या तिथे साखळी खाली जाते आणि मधला भाग चक्क वर सरकतो. हा दुसरा आकारही काढा. मग कागद उलटा करा, डोकं खाली पाय वर.

तुमच्या समोर आता दोन कमानी आहेत. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये हेच सूत्र मांडलं होतं: लवचीक दोरी जशी लोंबते, तिचंच उलटं रूप घेऊन ताठ कमान उभी राहते. साखळीत सगळा ताण, कमानीत सगळा दाब. बाकी वाट तीच. उलट्या कागदावरची रेघ म्हणजे कमानीतून वजन ज्या वाटेने काठाकडे उतरतं ती वाट. आम्ही तिला दाबरेषा म्हणतो. दगडी कमानीचा सगळा कायदा एवढाच की ही रेषा दगडांच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे. बाहेर पडली की सांधा उघडतो. दगड दाब कितीही घेतो, ताण जवळजवळ घेतच नाही.

आता एडवर्ड्सची कमान बघा. तिचा आकार वर्तुळाचा तुकडा आहे: रुंदी १४० फूट, उंची ३५ फूट. त्रिज्या काढली तर ८७.५ फूट येते. कमानीच्या माथ्यावर रस्ता अगदी टेकलेला, म्हणजे तिथे भराव जवळजवळ नाहीच. पण खांद्यांशी कमान खाली उतरते आणि रस्ता तितका उतरत नाही, म्हणून मधली पोकळी दगडमातीने भरावी लागते. माथा हलका, खांदे जड. ही झाली तुमची पिना लावलेली साखळी. दाबरेषा खांद्याशी वर सरकली, कमानीच्या पाठीकडे. माथ्याशी खाली आली, पोटाकडे. त्याची कमान होती बारीक. लांबीच्या मानाने जाडी फारच कमी, त्यामुळे रेषेला इकडेतिकडे सरकायला जागा नव्हती. खांद्याचे दगड आत दबले, माथ्याचे वर उचलले गेले, माथ्याचा सांधा वरच्या बाजूने उघडला आणि खेळ संपला. कमान कमजोर नव्हती. वजन चुकीच्या जागी होतं.

जाता जाता एक: लोकांना वाटतं कमानीतला मधला चावीचा दगड सगळं तोलून धरतो. तसं काही नाही. तो शेवटी बसवतात म्हणून त्याचा मान. बसवल्यावर तो इतर दगडांसारखाच एक. इथे तर तोच सगळ्यात आधी पळाला.

यावर हल्लीच्या एखाद्याने काय केलं असतं? कमान जाड केली असती. जाड केली की वजन वाढलं, काठावरचा रेटा वाढला, सेंटरिंग अजून दणकट लागलं, खर्च वाढला. एडवर्ड्सकडे पैसे उरले नव्हते. त्या भागातल्या बड्या मंडळींनी मदत केली तेव्हा शेवटचा पूल झाला. त्याने कमान तीच ठेवली, तोच गाळा, आणि खांद्यांतला भरावच काढून टाकला. दोन्ही बाजूंना तीन-तीन दगडी नळ आरपार बांधले: काठाकडचा ९ फूट व्यासाचा, मग ६ फुटांचा, मग माथ्याच्या बाजूचा ३ फुटांचा. जिथे भराव सगळ्यात खोल तिथे सगळ्यात मोठं भोक.

किती वजन गेलं याचा ढोबळ हिशेब तुम्हीही करू शकता. तिन्ही वर्तुळांचं क्षेत्रफळ मिळून साधारण ९९ चौरस फूट. पुलाची रुंदी माथ्याशी ११ फुटांच्या आसपास. म्हणजे एका खांद्यातून जवळपास १,१०० घनफूट, ३१ घनमीटर. दगडमातीचा भराव घनमीटरला दोन टन धरला तर एका बाजूला सुमारे ६० टन. नळांच्या भिंतींचे दगड थोडे परत येतात, ते सोडा. पिना काढल्या, साखळी मूळच्या आकाराकडे परत गेली, आणि दाबरेषा दगडांच्या आत आली. १७५६ साली पूल पुरा झाला. तोच तुम्ही पाहिलात.

हा विचार जगात पहिल्यांदा त्यालाच सुचला असं मात्र नाही. चीनमध्ये झाओझोऊला ली चुन नावाच्या कारागिराने सातव्या शतकाच्या सुरुवातीला ३७ मीटर गाळ्याचा दगडी पूल बांधला, आणि त्याच्या प्रत्येक खांद्यावर दोन-दोन लहान कमानी उघड्या ठेवल्या. तो पूलही उभा आहे. तिथे पाण्याला वाट देणं आणि वजन घटवणं अशी दोन्ही कामं साधली आहेत, म्हणून जावयांना त्या पुलाचे अर्धे गुण देऊन टाका. पण टॅफच्या काठावरच्या गवंड्याला चीनमधला पूल ठाऊक असण्याचा संभव नाही. त्याला शिकवलं ते त्याच्या पडलेल्या पुलाने.

‘जगातली सगळ्यात मोठी’ हे तिथल्या माणसाचं गावावरचं प्रेम. ब्रिटनपुरतं ते खरं होतं, आणि सुमारे ४० वर्षं टिकलं. पण इटलीत त्रेझ्झो इथे अड्डा नदीवर चौदाव्या शतकातच ७२ मीटरची कमान उभी राहिली होती. १४१६ मध्ये लढाईत ती पाडली गेली.

आता गुडघ्यांबद्दल. तुमची तक्रार २५० वर्षं जुनी आहे. एवढी उंच कमान आणि रस्ता तिच्या पाठीवरूनच, त्यामुळे चढ असा की भरलेल्या गाड्यांना तो नकोसा होई आणि उतरताना गाडी सुटू नये म्हणून साखळी लावून ती ओढत धरावी लागे. पूल म्हणून हा देखणा, रस्ता म्हणून वाईट. हे मी शिव्या देण्यासाठी म्हणत नाही, पण पुलांची तारीफ करताना त्यावरून बैल किंवा घोडा जातो हे लोक विसरतात. टर्नरसारख्या चित्रकाराने येऊन त्याची रेखाटनं केली. त्याला गाडी हाकायची नव्हती. शेवटी १८५७ मध्ये अगदी शेजारी तीन कमानींचा व्हिक्टोरिया पूल बांधला, आणि एडवर्ड्सचा पूल चालणाऱ्यांसाठी राहिला. शेजारच्या पुलामुळे एका बाजूने त्याचं दर्शन झाकलं जातं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

गावाच्या नावाची गंमत सांगतो. एडवर्ड्सचा पूल ‘न्यू ब्रिज’, म्हणून गावाचंही नाव न्यूब्रिज पडलं. पण न्यूब्रिज नावाची गावं त्या देशात आणखी होती, टपाल इकडचं तिकडे जाऊ लागलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गावाने पॉन्टिप्रीध हे नाव पक्कं केलं. वेल्श भाषेत ‘पॉन्ट’ म्हणजे पूल, ‘टी’ म्हणजे घर, ‘प्रीध’ म्हणजे माती. मातीच्या घराजवळचा पूल. पुण्यात १९२३ चा दगडी शिवाजी पूल शंभरी उलटून गेला तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी ‘नवा पूल’च आहे. आपल्याकडे टपाल खात्याची तक्रार आली नाही, एवढंच.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न: आपल्याकडे अशी भोकं का नाहीत? कारण आपल्याला एवढी लांब कमान टाकायची गरजच पडली नाही. दख्खनच्या पठारावर नदीच्या पात्रात काळा पाषाण बहुतेक ठिकाणी उघडा, नाहीतर थोड्या खोदाईत लागतो. शिवाय जानेवारी ते मे पात्र कोरडं, किंवा एका कडेला पाण्याची धार. कोरड्या पात्रात, खडकावर, खांब बांधणं स्वस्त पडतं. त्यामुळे आपले दगडी पूल म्हणजे खांबांची रांग आणि त्यावर लहान लहान कमानी. लहान कमानीला भराव कमी, खांदे फारसे जड होत नाहीत, आणि कमानीची जाडी गाळ्याच्या मानाने भरपूर असते. दाबरेषा आत हिंडायला ऐसपैस जागा. टॅफ बारमाही वाहते, कधीही चढते. तिथे पात्रात उभं राहणं हाच जुगार.

पण आपली ही सोय फुकट नाही. खांब वाढले की पुरात अडकायच्या जागा वाढल्या, पाया खरवडायच्या जागा वाढल्या. आणि ओळीतल्या कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. एक खांब गेला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा तोल जातो आणि मग पुढच्या खांबावर एकाच बाजूचा रेटा उरतो. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा कमानी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कसा गेला ते सगळ्यांना आठवत असेल. दोन एसट्या त्यात गेल्या. तेव्हापासून दगडी पूल पाहायला बोलावलं की मी वर कमानीकडे बघायच्या आधी खाली खांबाच्या बुडाशी उतरतो.

भरावाबद्दल मात्र आपल्याकडे फार बेफिकिरी आहे, आणि इथे एडवर्ड्सची गोष्ट उपयोगी पडते. नोकरीच्या मधल्या काळात एका ओढ्यावरच्या नऊ मीटर कमानीचं रुंदीकरण चालू होतं. ठेकेदाराच्या माणसांनी जेसीबी लावून एका खांद्यावरचा भराव पूर्ण उचलला, दुसरीकडचा तसाच. म्हणाले, साहेब, वजन कमी केलं तर बिघडतं कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीच्या पोटाला, जड बाजूच्या खांद्याशी, बोट जाईल एवढी फट पडलेली. नशिबाने दगड सुटले नव्हते. खालून टेकू दिले, मग दोन्हीकडून हातभर-हातभर करत सारखा भराव उतरवला. त्यांना मी साखळी दाखवली असती, पण त्या वेळी तोंडातून वेगळेच शब्द निघाले. एकदा जमलेल्या कमानीवर वजन घालणं जितकं धोक्याचं, तितकंच काढणंही. जुन्या पुलांवर दरवर्षी डांबराचा नवा थर, वर पाण्याची पाइपलाइन, कठड्याच्या जागी काँक्रीटची भिंत, हे सगळं चढत जातं आणि नोंद कुठेच नसते.

एडवर्ड्स पुढे बरेच पूल बांधत राहिला, त्याची मुलंही त्याच धंद्यात आली. पण पॉन्टिप्रीधसारखी उंच कमान त्याने पुन्हा टाकली नाही. मोठ्या वर्तुळाचा तुकडा घेतला की कमान चपटी होते आणि रस्त्याचा चढ घटतो, हे त्याच्या लक्षात आलं. भोकं मात्र त्याने सोडली नाहीत, ती त्याची सही झाली. जो पूल पाहायला लोक लांबून येतात तो त्याच्या मते पुन्हा बांधण्याजोगा नव्हता, असं मला त्यावरून वाटतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

२०२० च्या फेब्रुवारीत डेनिस वादळात टॅफ भयंकर चढली, गावात घरादुकानांत पाणी शिरलं. पूल जागचा हलला नाही.

पुन्हा गेलात तर पुलावर चढू नका, काठावर खाली उतरून कमानीचं पोट बघा. दगड किती पातळ चिपांचे आहेत आणि कमान किती बारीक आहे ते तिथूनच कळतं. आणि एखादा मोकळा दिवस असला तर जावयांना गाडी लॅन्डव्हरीकडे घ्यायला सांगा. तिथे जवळच त्याच एडवर्ड्सचा १७७३ चा डोलाउहिरियनचा पूल आहे: ८४ फुटांची एकच कमान, खांद्यात एकेकच भोक, आणि त्यावरून अजून रस्ता जातो. गुडघ्यांना त्रास नाही.